पानगळ, बुरशी आणि ‘अनुकूलन’ या शब्दाचा गुंता : पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम रानात माघ-फाल्गुनात गळलेला ऐन-किंदळाचा पाला वळवापर्यंत कोरडाच पडून राहतो. पाऊस मुरल्यावर वरचा थर उचलला, तर खालच्या पानांना बुरशीचे पांढरे धागे चिकटलेले दिसतात. तापमान दहा अंशांनी वाढले की हे कुजणे साधारण दुप्पट वेगाने होते, हा ठोकताळा एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रातून आलेला आहे.

माती सतत उष्ण राहिली तर हा वाढलेला वेग टिकतो का, हा खरा वाद १९९१ नंतरचा आहे. त्या वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील एका जंगलात विजेच्या तारा पुरून माती भोवतालच्या मातीपेक्षा ५ अंशांनी उष्ण ठेवण्यास सुरुवात झाली. पहिली दहा वर्षे कार्बन डायऑक्साइड जास्त सुटला. नंतर काही वर्षे ही वाढ जवळजवळ थांबली. या थांबण्याला ‘अनुकूलन’ म्हटले गेले आणि गुंता झाला. मातीतल्या त्याच सूक्ष्मजीवांनी आपले श्वसन बदलणे, समूहात दुसऱ्याच जातींचे प्राबल्य होणे आणि पिढ्यांनंतर जनुकीय बदल घडणे, या तिन्हींना आपण मराठीत हाच एक शब्द लावतो. सहज कुजणारे अन्न संपले असेल, तर त्याला मात्र अनुकूलन म्हणताच येत नाही. शेणखताचा खड्डा निवतो, तेव्हा त्याला उष्णतेची सवय झाली असे आपल्याकडचा कोणताही शेतकरी म्हणणार नाही. हा भेद केवळ शाब्दिक नाही, कारण सवय झाली असेल तरच मातीत उरलेला कार्बन काही अंशी टिकतो, आणि जगभरच्या मातीत तो वातावरणातल्यापेक्षा बराच जास्त आहे.

पुढे त्याच प्रयोगात २००८ च्या सुमारास विसर्ग पुन्हा वाढला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६ वर्षांच्या हिशेबानुसार वरच्या ६० सेंटिमीटरमधील १७ टक्के कार्बन गेला होता. लिग्निन हा लाकडाला कडकपणा देणारा चिवट घटक पचवू शकणारा सूक्ष्मजीवांचा समूह मधल्या काळात तयार झाला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. ‘अनुकूलन’ या शब्दातून घेतलेला दिलासा घाईचा होता, असे यावरून म्हणावे लागते.

ही माती थंड प्रदेशातली. पनामाच्या जंगलात ४ अंशांच्या वाढीने दोन वर्षांत विसर्ग ५५ टक्क्यांनी वाढल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि खानापूरसाठी हा दाखला अधिक जवळचा आहे. तरीही आपल्याकडे ओलीचा हिशेब आधी करावा लागतो. मे महिन्यातील कोरड्या पाल्यावर वाढलेल्या उन्हाचा फारसा परिणाम होत नाही. जून ते सप्टेंबरच्या ओल्या मातीत मात्र एका अंशाची वाढही बुरशीला पुरते.