वितळण्यापलीकडच्या उष्णतेत फिरणारी पाती

महानिर्मितीच्या उरण केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट. त्यातले ४३२ मेगावॉट गॅस टर्बाइनचे, म्हणजे दाबलेल्या हवेत गॅस जाळून तापलेल्या वायूने पाती फिरवणाऱ्या यंत्रांचे. उरलेल्या २४० मेगावॉटसाठी वेगळा गॅस जाळावा लागत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर चांगलाच तापलेला असतो. तो धुराड्यातून सोडून देण्याआधी त्यावर पाण्याची वाफ करून दुसरे टर्बाइन फिरवतात. रसवंतीवाला चिपाड पुन्हा चरकात घालतो, तसाच हा प्रकार. याचेच नाव कम्बाइन्ड सायकल.

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला १९३९ मध्ये वीजनिर्मितीसाठी ४ मेगावॉटचे गॅस टर्बाइन बसले, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी जेमतेम १७ टक्क्यांची वीज होई. जर्मनीतल्या इर्शिंगच्या कम्बाइन्ड सायकल संचाने २०११ मध्ये ६० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. जपानमधल्या निशी-नागोयाने २०१८ मध्ये ६३ टक्के गाठले. नुसत्या चिपाडाच्या हिशेबाने हे साधत नाही. ज्वालेतून आलेला वायू पात्यांत शिरतानाच जितका तापलेला, तितकी कार्यक्षमता वाढते, आणि इथेच खरी कसरत आहे.

आजच्या मोठ्या टर्बाइनमध्ये शिरणारा हा वायू १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो त्याच्या कितीतरी आधी वितळतो. तरी पाते मिनिटाला ३००० फेऱ्या मारत टिकते कसे? ते आतून पोकळ असते. ज्वालेसाठी हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधली, त्या मानाने थंड हवा त्याच्या पोटातल्या नागमोडी वाटांतून फिरते आणि बारीक छिद्रांतून बाहेर येऊन पृष्ठभागावर पातळ थर धरते. वर झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडचा, सिरॅमिक लेप, जाडीला मिलिमीटरहून कमी. काही पाती तर अखंड एकाच स्फटिकाची ओततात, कारण धातू तापून ताणला गेला की स्फटिकांच्या सांध्यांतच आधी कच खातो.

पण ही थंड हवा फुकट मिळत नाही. ती दाबायला टर्बाइनचीच ताकद खर्च होते, म्हणून कमीत कमी हवेत पाते थंड ठेवण्यावर अभियंत्यांची सारी धडपड. ज्वाला फार तापली तर हवा प्रदूषित करणारी नायट्रोजनची ऑक्साइडेही वाढतात. मग ज्वाला आटोक्यात राहावी म्हणून गॅस आधीच भरपूर हवेत मिसळून जाळायचा.

टक्क्यांच्या विक्रमांपेक्षा मला चपळाई मोलाची वाटते. फ्रान्समधला बुशँचा संच अर्ध्या तासात पूर्ण क्षमतेवर येतो. थंड पडलेल्या कोळशाच्या संचाला कित्येक तास लागतात. सूर्य मावळताच सौर वीज थांबते, तेव्हा हे फार उपयोगी. मात्र त्यासाठी परवडणारा गॅस हवा. १९६७ मेगावॉटचा आपला दाभोळ प्रकल्प गॅसअभावी वर्षानुवर्षे क्षमतेच्या खूप खालीच चालला.