हीपची मर्यादा कमी करण्याआधी हे वाचा

आमचं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा एक फोन हमखास येतो : "तुमच्या चार प्रोसेस प्रत्येकी आठ जीबी खातायत आणि मशीनला रॅम सोळाच आहे." लिनक्सच्या टॉप कमांडमधल्या व्हर्ट (व्हर्च्युअल मेमरी) रकान्यातले ते आठ जीबी वापरलेले नसतात. आमचं सॉफ्टवेअर कॉमन लिस्प या भाषेत लिहिलेलं असून एसबीसीएल या तिच्या कंपायलरवर चालतं. एसबीसीएल सुरू होतानाच हीपच्या (प्रोग्रामचा डेटा राहतो त्या मेमरीच्या) कमाल मर्यादेएवढे पत्ते राखून ठेवतं. रॅम लागते ती त्या पत्त्यांवरची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) प्रत्यक्ष वापरात येतील तेव्हाच.

रेस (प्रत्यक्ष रॅममधली पानं) रकान्याची बेरीजही फसवी. आम्ही मास्टर डेटा एकदा लोड करतो आणि मग फोर्क करून (त्याच प्रोसेसच्या प्रती काढून) वर्कर काढतो. लिहिलं जात नाही तोवर सगळे वर्कर तीच पानं वापरतात, पण रेस ती प्रत्येकाच्या नावावर पूर्ण मांडतं. पीएसएस हा मेमरीचा दुसरा आकडा मात्र सामाईक पानांची वाटणी करून मोजतं, तेव्हा बेरीज त्याचीच करा. लिनक्स कर्नल 4.14 पासून ते प्रोक फोल्डरमधल्या त्या त्या प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइलीत मिळतं.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढच्या चुकीत. लिस्पची रूम कमांड हीपचा वापर दीड जीबी दाखवते म्हणून कुणीतरी डायनॅमिक-स्पेस-साइज (हीपची कमाल मर्यादा) दोन जीबीवर आणतं. रोजचं काम सुरळीत चालतं. महिनाअखेरीला मोठा रिपोर्ट लागतो, लॉगमध्ये 'हीप एक्झॉस्टेड, गेम ओव्हर' येतं आणि प्रोसेस बंद पडते. एसबीसीएलचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) जिवंत ऑब्जेक्ट आधी नव्या जागी कॉपी करतो, जुनी जागा त्यानंतर सोडतो. त्यामुळे दीड जीबी जिवंत डेटाला वाईटात वाईट वेळी तीन जीबीपर्यंत जागा लागू शकते. मग आम्ही रिपोर्टची क्वेरी तपासत बसतो आणि बदललेली मर्यादा शेवटी सापडते.

या कॉपीमुळे ऑब्जेक्ट जागा बदलतात आणि वर्करांमधली सामाईक पानं हळूहळू वेगळी होतात. म्हणूनच आम्ही मास्टर डेटा कोअर फाइलीतच (एसबीसीएल सुरू होताना वाचतं त्या मेमरीच्या तयार प्रतीत) सेव्ह करतो. तिथले ऑब्जेक्ट कलेक्टर हलवत नाही. रात्रीचा रीस्टार्ट काहींना खटकतो, पण नवी कोअर फाइल घ्यायला तो लागतोच आणि रॅमची खरी बचत त्यातूनच होते.

कंटेनरमध्ये चालवत असाल तर त्याची मेमरी मर्यादा आम्हाला जरूर कळवा. ती ओलांडली तर कर्नल प्रोसेस थेट मारतो. मर्यादा बदलायचीच असेल, तर आधी महिनाअखेरीच्या कामादरम्यानचे पीएसएसचे आकडे आणि रूमचं आउटपुट पाठवा. देखभाल करारात ही मोजणी धरलेलीच आहे. करार नसेल, तरी पहिली तपासणी आम्ही मोफत करून देतो.