हेडफोनवरचं ‘ड्युअल’ वेगळं नि आपल्याला पाहिजे ते वेगळं

उन्हाळ्यात रात्री आमच्या जळगावात कूलर एवढा घरघरतो की लॅपटॉपच्या स्पीकरवर डायलॉग ऐकूच येत नाहीत, आणि आवाज वाढवला की आजी उठते. म्हणून मी नि बहिणीने ठरवलं, दोघांनी आपापला ब्लूटूथ हेडफोन लावायचा नि एकाच लॅपटॉपवर पिच्चर बघायचा. तिच्याकडे होता, माझ्यासाठी आणायला गेलो तर दुकानदार म्हणे हा घे भो, ह्यात ड्युअल कनेक्शन आहे. घेतला, घरी आणला, आणि कळलं की ते ड्युअल भलतंच.

खोक्यावर ड्युअल कनेक्शन नाहीतर मल्टीपॉइंट लिहितात ना, ते म्हणजे हेडफोन एक नि मशिनी दोन. लॅपटॉपही जोडलेला, मोबाइलही, पिच्चर चालू असताना फोन आला तर तिथेच उचलता येतो. आपल्याला पाहिजे होतं उलटं, लॅपटॉप एक नि कान चार. वावरात सांगायचं तर एका वावराला दोन विहिरींची लाइन आणली, चालणार एका वेळी एकच मोटर, हे मल्टीपॉइंट. पण एका विहिरीवर दोन वावरं भिजवायची तर जोडणी विहिरीपाशीच करावी लागते, वावरात कितीही भारी ठिबक टाका.

आता ही विहिरीपाशीची, म्हणजे लॅपटॉपमधली जोडणी. मॅकवर सोपी आहे, ऑडिओ मिडी सेटअपमध्ये मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवायचं, दोन्ही हेडफोनला टिक, दुसऱ्याला ड्रिफ्ट करेक्शन, म्हणजे दोघांचा आवाज हळूहळू मागेपुढे होत नाही (फक्त मग कीबोर्डवरून आवाज कमीजास्त होत नाही). विंडोजमध्ये लोक स्टिरिओ मिक्सची युक्ती सांगतात, म्हणजे चालू असलेला आवाज पकडून दुसरीकडेही पाठवायचा, पण ती लॅपटॉपच्या आतल्या रिअलटेकच्या साउंड चिपवरचा आवाज उचलते, म्हणजे एक हेडफोन वायरचा आणि दुसरा ब्लूटूथ असला तरच चालते, आणि ब्लूटूथवाल्याला सगळं उशिरा. आम्ही करून पाहिलं, जोकवर बहीण आधी हसायची नि माझ्याकडे तेव्हा जोक चालूच असायचा.

खरा इलाज पुढे येतोय, एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवर आवाज पाठवायची नवी पद्धत. त्यातल्या ब्रॉडकास्टला २०२२ मध्ये ऑराकास्ट नाव दिलं, एकच आवाज आसपासचे कितीही हेडफोन पकडू शकतात. विंडोज ११ मध्येही दोन हेडफोनला आवाज वाटायची सोय २०२५ च्या शेवटी टेस्टिंगला आली, पण लॅपटॉप नि हेडफोन दोन्हीकडे एलई ऑडिओ पाहिजे, आमच्या जुन्या डब्यात कुठलं.

शेवटी दोन हेडफोन जोडता येणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर आणला, तो ३.५ एमएमच्या जॅकमध्ये खोचायचा. लॅपटॉपला वाटतं वायरचाच हेडफोन आहे. दोघांना जवळपास बरोबरच ऐकू येतं, फक्त ओठ नि आवाज थोडे मागेपुढे होतात, मग व्हीएलसी प्लेयरमध्ये कीबोर्डवरचं ‘J’ बटण दाबायचं, दर वेळी आवाज ५० मिलिसेकंद आधी येतो. आम्हाला चार वेळा दाबावं लागतं.