हाड कठीण, धमनी लवचीक : प्रथिनांवरील एका फेरबदलाचा मागोवा

रक्तात आणि ऊतकांतील द्रवात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे प्रमाण असे असते की, रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने हाडातील खनिज, म्हणजे हायड्रॉक्सीॲपटाइट, शरीरात कोठेही साचू लागावे. तसे होत नाही. हाडे व दात कठीण होतात आणि धमन्या व बहुतेक कूर्चा लवचीक राहतात. या निवडीमागे असलेल्या कारणांपैकी एक म्हणजे प्रथिन तयार झाल्यानंतर पेशीने त्यावर केलेला रासायनिक फेरबदल. त्याचा शोध मात्र हाडांच्या नव्हे, तर रक्त साकळण्याच्या अभ्यासातून लागला.

डेन्मार्कमध्ये हेन्रिक डाम यांना निःस्निग्ध आहारावर वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांत रक्तस्राव आढळला, आणि ज्या घटकाच्या अभावी तो होत होता त्याला त्यांनी 1935 मध्ये जीवनसत्त्व के असे नाव दिले. रक्त साकळण्यासाठीच्या ‘कोआगुलेशन’ या शब्दाचे आद्याक्षर डॅनिश व जर्मन भाषांत ‘के’ असते. त्याच सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक हे कुजलेल्या गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने का मरतात, याचा छडा लावत होते. त्यातून रक्त साकळू न देणारे डायक्यूमॅरॉल आणि पुढे वॉरफॅरिन मिळाले. उंदीर मारण्याचे विष म्हणून 1948 मध्ये बाजारात आलेला हा पदार्थ नंतर औषध झाला.

जीवनसत्त्व के नेमके करते काय, हे 1974 मध्ये उलगडले. डायक्यूमॅरॉल दिलेल्या गायींच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हे रक्त साकळण्यासाठी लागणारे प्रथिन असते, पण ते कॅल्शियमला नीट धरू शकत नाही. स्वीडनमध्ये योहान स्टेन्फ्लो आणि अमेरिकेत गॅरी नेल्सेस्टुएन यांच्या गटांनी दाखवले की, निरोगी प्रोथ्रॉम्बिनमधील काही ग्लुटामिक आम्लांवर आणखी एक कार्बोक्झिल गट बसवलेला असतो. तो बसवण्यासाठी जीवनसत्त्व के लागते; डायक्यूमॅरॉल व वॉरफॅरिन त्याचे हेच काम अडवतात. शेजारी-शेजारी आलेले दोन ऋणभार कॅल्शियमला चिमट्यासारखे पकडतात. बदललेल्या त्या अमिनो आम्लाला ‘ग्ला’ म्हणतात.

पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये हाउश्का, लियान आणि गॅलप यांना कोंबडीच्या हाडातही ग्ला सापडले. ते धारण करणारे प्रथिन पुढे ऑस्टिओकॅल्सिन म्हणून ओळखले गेले. कॅल्शियम धरणारे प्रथिन हाडात आहे, म्हणजे ते हाड बांधत असणार, असा तर्क स्वाभाविक होता. पण तो चुकीच्या दिशेने नेणारा ठरला. सॅन दिएगो येथे पॉल प्राइस यांनी उंदरांना दीर्घकाळ वॉरफॅरिन दिले (रक्तस्राव टाळण्यापुरते जोडीला जीवनसत्त्व केही दिले), तेव्हा खनिज घटण्याऐवजी हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या पट्टीतील कूर्चेत ते अतोनात साचले आणि हाडांची वाढ थांबली. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग माझ्या मते या इतिहासातील खरे वळण आहे, कारण ग्ला असलेली प्रथिने खनिजाला चालना देण्याऐवजी त्याला अडवत असावीत, हे त्यातून सूचित झाले.

असे अडवणारे प्रथिन प्राइस यांनी 1983 मध्येच वेगळे केले. त्याचे नाव मॅट्रिक्स ग्ला प्रथिन. 1997 मध्ये जेरार कार्सेंटी यांच्या गटाने त्याचे जनुक काढलेले उंदीर तयार केले. त्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साचले आणि धमनी फुटून ते दोन महिन्यांच्या आत मेले. ऑस्टिओकॅल्सिनविना वाढलेल्या उंदरांची हाडे मात्र, सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध, अधिक दाट निघाली होती. 1999 मध्ये, कूर्चेत कॅल्शियम साचणाऱ्या कॉइटेल सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक विकाराचे मूळ माणसातील त्याच मॅट्रिक्स ग्ला प्रथिनाच्या जनुकात सापडले.

फेरबदलाचा दुसरा प्रकार फॉस्फेट गट जोडण्याचा आहे. दुधातील केसीन या प्रथिनावर असे गट असतात आणि त्यांच्यामुळेच दूध एवढे कॅल्शियम खडा न होता वाहून नेते. ते बसवणारे विकर (एन्झाइम) अनेक दशके अज्ञात होते. गंमत म्हणजे ‘केसीन कायनेज’, म्हणजे केसीनवर फॉस्फेट बसवणारे विकर, हे नाव त्याआधीच भलत्याच विकरांना देऊन झाले होते. खरे विकर फॅम20सी असल्याचे 2012 मध्ये, पुन्हा सॅन दिएगोतच, सिद्ध झाले. हाडातील ऑस्टिओपॉन्टिन या प्रथिनावरही तेच विकर फॉस्फेट बसवते, आणि असे ऑस्टिओपॉन्टिन स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखते. या विकराच्या जनुकात दोष असलेल्या रेन सिंड्रोममध्ये हाडे अतिदाट होतात आणि बहुतेक अर्भके दगावतात.

मॅट्रिक्स ग्ला प्रथिनावर हे दोन्ही फेरबदल होतात. दोन्ही न झालेले त्याचे रूप रक्तात मोजता येते, आणि मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारात त्याची पातळी वाढलेली आढळते.