नॅशनल लोफ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने पांढऱ्या पावाच्या जागी देशभर सक्तीने आणलेला, गव्हाच्या 85 टक्के उताऱ्याच्या पिठाचा करडा-तपकिरी पाव. अंमल 1942 पासून. अधिकृत शेवट 1956 मध्ये. काटेकोर अर्थाने हा संपूर्ण गव्हाचा पाव नव्हे. मात्र एका मोठ्या औद्योगिक देशाने मैद्याचा पाव सोडून कोंडा व अंकुर यांचा बराचसा अंश राखलेला पाव वर्षानुवर्षे खाल्ला आणि त्याच काळात शास्त्रज्ञांनी त्याचे परिणाम मोजले, म्हणून ‘पांढरा की भरड’ या वादात या पावाला मोलाचे स्थान आहे.

उतारा : ही संज्ञा नीट समजल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. शंभर किलो गहू दळून आणि चाळून जितके किलो पीठ हाती येते, तितके टक्के त्याचा उतारा. सगळा दाणा पिठात राहिला तर उतारा 100. गव्हाच्या दाण्यात वजनाने सुमारे 82-83 टक्के पिष्टमय गर, 14-15 टक्के कोंडा व त्याला चिकटलेला अल्यूरोनचा थर, आणि अडीच ते तीन टक्के अंकुर असतो. मग 82 टक्क्यांपर्यंत शुद्ध गरच मिळायला हवा असे वाटेल. तसे होत नाही, कारण दाण्याच्या पोटावरची खोल चीर कोंडा आत दडवून ठेवते आणि तो सोडवताना गराचा काही भाग त्याच्याबरोबर जातो. म्हणून गिरणीतला पांढरा मैदा साधारण 70 ते 73 टक्के उताऱ्याचा असतो. चक्कीवरून दळून आणून घरी हलकेच चाळलेली आपली कणीक नॅशनल लोफच्या पिठापेक्षाही जास्त उताऱ्याची भरते, ही गोष्ट मराठी वाचकाने पुढे वाचताना मनात ठेवावी.

दगडी जात्यात अंकुर चिरडून त्याचे तेल पिठात मिसळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडापेस्ट आणि मिनीआपोलिस येथील गिरण्यांनी पोलादी रोलरची पद्धत रुळवली. या रोलरमध्ये अंकुर चपटा होऊन चाळणीवर अलगद बाजूला निघतो. पीठ महिनोन्‌महिने टिकू लागले, पांढरेशुभ्र दिसू लागले आणि स्वस्तही झाले. पूर्वी श्रीमंतांच्या ताटात असलेला पांढरा पाव कामगारांच्या घरी पोचला. दाण्यातले काय गमावले, हे कळायला जीवनसत्त्वांचा शोध लागावा लागला.

पूर्वपीठिका : भरड पावाचा आग्रह युद्धापेक्षा बराच जुना आहे. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम यांनी 1830 च्या दशकात न चाळलेल्या पिठाचा पुरस्कार केला. इंग्लंडमध्ये डॉ. टी. आर. ॲलिन्सन यांनी 1892 मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन भागात स्वतःची दगडी गिरणी घेतली. 1911 मध्ये एका दैनिकाने 80 टक्के उताऱ्याच्या ‘स्टँडर्ड ब्रेड’ची मोठी मोहीम चालवली. पहिल्या महायुद्धात सरकारने उतारा टप्प्याटप्प्याने चढवत 1918 मध्ये 90 टक्क्यांच्या वर नेला, पण तो केवळ गहू पुरवण्यासाठी. त्यामागे पोषणाचा विचार नव्हता, आणि युद्ध संपताच लोक पांढऱ्या पावाकडे परतले.

या वादात भारताचाही धागा आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी 1920 च्या दशकात उंदरांच्या एका गटाला शीख शेतकऱ्यांचा आहार दिला : संपूर्ण गव्हाची चपाती, लोणी, दूध, डाळ, भाज्या आणि अधूनमधून मांस. दुसऱ्या गटाला गरीब इंग्रज कुटुंबाचा आहार दिला : पांढरा पाव, मार्गारिन, साखरेचा चहा, उकडलेली भाजी, डबाबंद मांस, जाम. पहिला गट धडधाकट राहिला, दुसरा खुरटला आणि आजारी पडला. भरड पावाचे पुरस्कर्ते हा दाखला आजही देतात. तो काळजीपूर्वक वापरायला हवा. दोन्ही आहारांत फरक केवळ पिठाचा नव्हता; दूध, लोणी आणि ताज्या भाज्या एकाच बाजूला होत्या. कुन्नूरची ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

निर्णयाचे श्रेय : सरकारने हा पाव का आणला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक मत असे की, अन्नमंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार जे. सी. ड्रमंड आणि मेडिकल रिसर्च कौन्सिलचे पोषणतज्ज्ञ यांनी ब-1 जीवनसत्त्वासाठी लावून धरलेला आग्रह निर्णायक ठरला. दुसरे मत जहाजांकडे बोट दाखवते. ब्रिटनचा बहुतेक पावाचा गहू समुद्रापलीकडून येई आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवत होत्या. उतारा 72 वरून 85 वर नेला की तेवढ्याच गव्हातून दर शंभर किलोमागे 13 किलो पीठ जास्त मिळते.

घटनाक्रम पाहता दुसरे मत अधिक पटते. 1940 च्या उन्हाळ्यात सरकारने पांढऱ्या पिठातच कृत्रिम ब-1 मिसळण्याचे जाहीर केले होते. पांढरा पाव काढून घेण्याचा विचार तेव्हा नव्हता. त्या योजनेला पुरेल इतके जीवनसत्त्व देशात तयार होत नव्हते. 1941 पासून 85 टक्क्यांचे ‘नॅशनल व्हीटमील’ ऐच्छिक म्हणून विकायला आले, प्रचारही झाला, पण गिऱ्हाइकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. सक्ती आली ती 1942 मध्ये, जहाजांची टंचाई तीव्र झाल्यावर. पोषणतज्ज्ञांचे श्रेय याने कमी होत नाही : उतारा वाढवायचाच तर तो 85 वर का थांबवावा, याचे उत्तर त्यांनीच दिले.

सुरुवातीची तारीख काही ठिकाणी मार्च तर काही ठिकाणी एप्रिल 1942 अशी आढळते. आदेश मार्चमधला आणि दुकानातून पांढरा पाव प्रत्यक्ष हटला एप्रिलमध्ये, असे धरल्यास दोन्हींचा मेळ बसतो. त्या वेळी अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन होते.

85 हाच आकडा का? सेंट ऑल्बन्स येथील धान्य संशोधन केंद्रातील रसायनज्ञांनी दाण्याचे भाग सुटे करून प्रत्येकातले ब-1 मोजले. जे. जे. सी. हिंटन यांच्या कामातून असे दिसले की, गर आणि अंकुर यांच्या सीमेवर असलेल्या स्क्यूटेलम या ढालीसारख्या पातळ पटलात दाण्यातील निम्म्याहून अधिक ब-1 साठलेले असते. हे पटल दाण्याच्या वजनाच्या जेमतेम दीड टक्का भरते. याचा अर्थ फार महत्त्वाचा होता. बाहेरचा खरखरीत कोंडा बाजूला काढूनही, दळण नीट बसवले तर हे पटल पिठात राखता येते. तेव्हा 85 टक्क्यांच्या पिठात जीवनसत्त्व जवळजवळ संपूर्ण गव्हाच्या तोडीचे, पण पोटाला जड वाटणारा कोंडा कमी, अशी सांगड बसली. उत्तम 85 आणि वाईट 85 यांत मोठा फरक पडतो, हे सर्वसामान्य वर्णनांत सुटते : आकडा तोच ठेवून पांढऱ्या पिठात कोंडा कालवला, तर रंग येतो, जीवनसत्त्व येत नाही.

फायटेटचा प्रश्न : कोंड्याबरोबर फायटिक आम्लही (त्याच्या क्षाररूपाला फायटेट म्हणतात) पिठात येते. ते कॅल्शियम, लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते आणि आतड्यातून शोषू देत नाही. केंब्रिज येथे रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी स्वतःवर व सहकाऱ्यांवर प्रयोग केले. आठवडेच्या आठवडे पांढरा पाव आणि मग भरड पाव खाऊन शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या खनिजांचा हिशेब ठेवला. 1942 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष भरड पावाच्या भक्तांना रुचणारे नव्हते : भरड पावात खनिजे जास्त असूनही कॅल्शियम कमी शोषले जात होते. शेजारच्या आयर्लंडमध्ये युद्धकाळात उतारा 100 पर्यंत चढवला गेला आणि डब्लिनच्या मुलांत मुडदूस वाढल्याचे डॉक्टरांना आढळले, तेव्हा ही शंका प्रयोगशाळेपुरती उरली नाही.

उपाय म्हणून ब्रिटनमध्ये पिठात शुद्ध खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळू लागले : आधी 280 पौंडांच्या पोत्याला 7 औंस, युद्धानंतर 14 औंस. पावात खडू घालतात म्हणून लोकांनी तक्रार केली. तरी ही भर आजतागायत ब्रिटिश कायद्यात आहे. संपूर्ण गव्हाच्या पिठाला मात्र तिच्यातून सूट आहे. म्हणजे ज्या पिठात फायटेट सर्वांत जास्त, तेच खडूविना राहिले.

यीस्टने कणीक आंबताना धान्यातले फायटेज हे विकर फायटेटचा काही भाग मोडते. आंबट खमिराच्या लांब आंबवणीत तो अधिक मोडतो. न आंबवलेल्या चपातीत तो बराचसा तसाच राहतो. 1970 च्या दशकात ग्लासगो आणि इतर शहरांतील दक्षिण आशियाई कुटुंबांत मुडदूस दिसला, तेव्हा काही संशोधकांनी चपातीला दोष दिला होता. नंतरच्या कामातून मुख्य कारण ड जीवनसत्त्वाचा अभाव आणि अपुरे ऊन हे असल्याकडे कल झुकला. चपाती सोडण्याचा सल्ला देण्याची गरज त्यातून निघत नाही.

वापर : पाव जड आणि थोडा ओलसर असे, लवकर शिळा होई, अशा तक्रारी वारंवार आढळतात. ‘हिटलरचे गुप्त अस्त्र’ असे टोपणनावही त्याला पडले. पीठ घरी चाळून पांढरे करण्यास मनाई होती. तरी बायका जुन्या रेशमी मोज्यांतून ते गाळत, असे सांगितले जाते. काही काळ त्यात बार्ली आणि ओटचे पीठही मिसळले गेले. युद्धात पावावर रेशन कधीच नव्हते. ते आले युद्धानंतर, 21 जुलै 1946 रोजी, आणि दोन वर्षे टिकले. जगभरच्या धान्यटंचाईमुळे त्याच वर्षी उतारा काही महिने 90 टक्क्यांवर नेला आणि दोन पौंडांचा पाव पावणेदोन पौंडांचा केला.

मूल्यमापन : युद्धकाळात ब्रिटिश मुलांची वाढ आणि बालमृत्यूचे आकडे सुधारले, याचे श्रेय अनेकदा या पावाला दिले जाते. त्याच काळात गरोदर स्त्रियांना व मुलांना स्वस्त दूध, संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर तेल मिळू लागले होते, बेकारी संपली होती. एकट्या पावाचा वाटा यातून वेगळा काढता येत नाही.

तो वेगळा काढण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न विडोसन आणि मॅकॅन्स यांनीच युद्धोत्तर जर्मनीत केला. डुइसबर्ग व वुपर्टाल येथील अनाथाश्रमांतल्या कुपोषित मुलांना त्यांनी पाच प्रकारचे पाव दिले : 100, 85 आणि 70 टक्क्यांचे, तसेच 70 टक्क्यांच्या पिठात जीवनसत्त्वे व लोह घालून 85 आणि 100 च्या पातळीला आणलेले दोन. सोबत भरपूर भाज्या होत्या. सर्व गटांतली मुले सारखीच आणि झपाट्याने वाढली. 1954 मध्ये अहवाल आला आणि पांढऱ्या पावाच्या बाजूने तो निर्णायक मानला गेला. 1953 मध्ये ब-1, निकोटिनिक आम्ल व लोह घालण्याच्या अटीवर पांढरे पीठ परत आलेच होते. 1956 मध्ये सर हेन्री कोहेन यांच्या समितीनेही तोच सूर धरला, आणि त्याला मिळणाऱ्या सरकारी अनुदानासह नॅशनल लोफ संपला.

या प्रयोगाने विचारलेला प्रश्न वाढत्या मुलांचा होता. पन्नाशीतल्या माणसाच्या हृदयाचा, मधुमेहाचा, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा नव्हता. कोंड्यातल्या न पचणाऱ्या तंतूंकडे त्या काळी निरुपयोगी चोथा म्हणून पाहत. डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात ती दृष्टी बदलली. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मधील, जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या व्यापक आढाव्यात सर्वाधिक तंतू खाणाऱ्यांत हृदयविकाराने व एकूण कारणांनी होणारे मृत्यू सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा 15 ते 30 टक्क्यांनी कमी आढळले, दिवसाला 25 ते 29 ग्रॅम तंतू पुरेसे लाभदायक दिसले. ही बहुतेक निरीक्षणे आहेत, पण संख्या मोठी आणि दिशा एकच आहे. जर्मनीतला निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. तो ज्या वयासाठी काढला त्यापलीकडे ताणला गेला, एवढेच.

रक्तातील साखरेविषयी मात्र सावध राहावे. बारीक दळलेल्या संपूर्ण गव्हाच्या पावाचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते त्याचे माप, पांढऱ्या पावाच्या जवळपासच असतो. दाणे अखंड किंवा जाडसर भरडलेले राहिले, जसे पंपरनिकेल या राईच्या जर्मन पावात राहतात, तरच तो लक्षणीय उतरतो. दुकानातल्या तपकिरी पावाचा रंग कॅरॅमलनेही येऊ शकतो. वेष्टनावरच्या घटकांत पहिले नाव मैद्याचे आहे की संपूर्ण गव्हाच्या पिठाचे, ते पाहावे. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार ‘होलमील’ हे नाव केवळ पूर्णपणे संपूर्ण पिठाच्या पावालाच देता येते. ते नॅशनल लोफला मिळाले नसते.