पुरळ म्हणजे पोटातली घाण नव्हे

'मुलाच्या अंगावर पुरळ उठलं म्हणजे पोटातली घाण त्वचेवाटे बाहेर पडतेय, रेचक द्या,' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे. आतड्यातून कातडीकडे घाण नेणारी अशी कोणतीही वाट शरीरात नाही. गालावरच्या फिकट पांढुरक्या चट्ट्यांचं खापरही जंतांवर फुटतं. ते बहुतेकदा कोरड्या त्वचेचे, सौम्य इसबाचे असतात.

पोटाचा आणि त्वचेचा संबंधच नाही, असं मात्र नव्हे. टायफॉइडमध्ये पोटावर-छातीवर २ ते ४ मिलिमीटरचे गुलाबी ठिपके उठू शकतात. दाबले की ते फिके पडतात, काही दिवसांत जातात. सावळ्या त्वचेवर तर सहसा दिसतही नाहीत, म्हणून ठिपके नाहीत तर टायफॉइड नाही, हा तर्क चुकीचा. साल्मोनेला, येर्सिनिया, कॅम्पिलोबॅक्टर या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गानंतर कधी नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी येतात. त्या गाठींत जिवाणू नसतात. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने त्वचेखालच्या चरबीत उठवलेला तो दाह असतो. साधारण ३ ते ६ आठवड्यांत तो ओसरतो. (मुलांत अशा गाठींमागे पोटापेक्षा घशातला स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू जास्त वेळा सापडतो!)

रेचकाने यातलं काहीच बरं होत नाही. आधीच जुलाब असतील तर अंगातलं पाणी मात्र आणखी घटतं. रक्तमिश्रित जुलाबांनंतर मूल पांढरंफटक पडलं, लघवी कमी झाली किंवा दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. काही ई. कोलाय जिवाणूंचं विष मूत्रपिंडावर आघात करतं.