हजार नावांचा हिशेब: भास्करराय आणि कुंकुमार्चनाची पार्श्वभूमी

सोलापुरात शारदीय नवरात्रात देवीची उपासना एकाच वेळी तीन भाषांत चालते. तुळजापूर रोडवरच्या रूपाभवानीच्या देवळात पहाटेपासून रांग असते, कवड्यांची माळ घातलेले आराधी दारोदार फिरतात, तरुण मंडळं तुळजापूरहून ज्योत घेऊन अनवाणी धावत येतात. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत त्याच दिवसांत ललितासहस्रनामाचा पाठ असतो, कन्नड घरांतही असतो, आणि आता मराठी महिला मंडळांतही सामूहिक कुंकुमार्चन होतं, म्हणजे एकेका नावाला देवीवर चिमूटभर कुंकू वाहिलं जातं. तिथे अडचण येते ती मोजणीची. एकीच्या हातात तेलुगू लिपीतली पुस्तिका, दुसरीच्या हातात देवनागरी. शेवटचं ‘ललिताम्बिकायै नमः’ सगळ्या एकदम म्हणतात, पण एकीच्या हिशेबात हजार नावं भरतात आणि दुसरीच्या नऊशे अठ्ठ्याण्णव. चूक कुणाच्या म्हणण्यात नसते. नाव कुठे तोडायचं, हा प्रश्न असतो. आणि त्या प्रश्नाला अठराव्या शतकात ज्यांनी नीट उत्तर दिलं ते भास्करराय आपल्याच दख्खनचे होते.

सहस्रनाम हा दक्षिणेकडचा प्रकार आणि आपला गोंधळ-जोगवा, अशी सरसकट वाटणी केली जाते. ती बरोबर नाही. भास्कररायांच्या आयुष्याचा नकाशा समोर ठेवला की ती आपोआप गळून पडते.

त्यांच्या वडिलांचं नाव गंभीरराय, आईचं कोनमांबा. घराण्याचा विजापूर दरबाराशी संबंध होता, आणि विजापूर सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर. गंभीररायांना महाभारतावरच्या अधिकारामुळे ‘भारती’ ही पदवी होती. आदिलशाही १६८६ साली बुडाली. भास्कररायांचा जन्म त्यानंतरच्या अस्थिर काळातला, आणि तो भागानगरात म्हणजे हैदराबादेत झाल्याचं सांगतात. शिक्षण काशीत नृसिंहाध्वरींकडे झालं, न्यायशास्त्र त्यांनी गंगाधर वाजपेयींकडे केलं. श्रीविद्येची, म्हणजे ललितादेवीच्या मंत्र-यंत्र उपासनेची, पूर्ण दीक्षा मात्र मिळाली सुरतेला, शिवदत्त शुक्लांकडून. दीक्षेनंतरचं नाव भासुरानंदनाथ. पत्नी आनंदीबाईंनाही त्यांनी दीक्षा दिली, त्यांचं दीक्षानाम पद्मावत्यंबिका. ज्या काळात मंत्रशास्त्र हा पुरुषांचाच प्रांत समजला जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. आजच्या कुंकुमार्चन मंडळांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

धनाजी जाधवांचे पुत्र सरदार चंद्रसेन जाधव यांचा त्यांना आश्रय होता. पुढे ते भोसल्यांच्या तंजावर राज्यात गेले. कारण असं सांगतात की, गुरू गंगाधर वाजपेयी कावेरीकाठी तिरुवालंगाडूला राहत होते आणि त्यांच्या समोरच्या काठावर तरी राहायला मिळावं, अशी यांची इच्छा होती. राजाने दिलेल्या त्या गावाला पुढे भास्कररायपुरम् नाव पडलं. अखेरचे दिवस त्यांनी तिरुविडैमरुदूरला, म्हणजे मध्यार्जुन क्षेत्री काढले. आनंदीबाईंनी त्यांच्या मागे गावात भास्करेश्वराचं देऊळ बांधलं. त्यांचं चरित्र लिहिलं ते त्यांचेच शिष्य उमानंदनाथ यांनी. हे उमानंदनाथ तंजावरच्या मराठी वर्तुळातले, आणि परशुराम कल्पसूत्र या श्रीविद्येच्या ग्रंथावरची त्यांची ‘नित्योत्सव’ ही पूजापद्धती आजही वापरात आहे.

सोलापूरकरांना जवळचा वाटेल असा धागा सन्नतीचा आहे. भास्कररायांची कुलदेवता चंद्रलांबा, तिचं स्थान कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी. पंढरपुरावरून येणारी भीमा आपल्या जिल्ह्याच्या कडेने वाहत, गाणगापूर करून पुढे सन्नतीला पोचते. आपल्याकडच्या कितीतरी देशस्थ घरांचं कुलदैवत हीच देवी आहे. चंद्रलांबेचं देऊळ भास्कररायांनी श्रीचक्राच्या आकारात बांधून घेतलं, असं परंपरा सांगते. याच आवारात कालिकेच्या देवळाचं छत १९८६ साली कोसळलं आणि मूर्तीच्या खालची शिळा उघडी पडली. तिच्यावर अशोकाचे लेख निघाले. एकाच जागेवर माणसांची श्रद्धा किती काळ टिकून राहते, याचा यापेक्षा ठोस पुरावा क्वचितच मिळेल.

आता मूळ ग्रंथ. ललितासहस्रनाम ब्रह्मांडपुराणात येतं, हयग्रीव अगस्त्यांना सांगतात. वशिनी वगैरे आठ वाग्देवतांनी देवीच्या आज्ञेने ते रचलं, अशी कथा. पूर्वभाग, मुख्य स्तोत्र आणि फलश्रुती धरून एकूण ३२० श्लोक. नावं ज्यात आहेत ते मुख्य स्तोत्र १८२½ श्लोकांचं. यात एकही नाव दोनदा येत नाही, हा त्याचा मोठा विशेष. विष्णुसहस्रनामात तेच नाव पुन्हा येतं आणि टीकाकार तिथे वेगळा अर्थ सांगतात. इथे तशी सोय नाही. म्हणून पद कुठे तोडायचं याला फार महत्त्व आहे: एक जागा चुकली की एकतर नाव दोनदा येतं, नाहीतर संख्या कमी पडते.

भास्कररायांची ‘सौभाग्यभास्कर’ ही टीका १७२८ साली काशीत पूर्ण झाली. तिची मांडणीच मोजणीची आहे. सूर्याच्या बारा कलांवरून बारा भाग: पहिल्यात प्रस्तावना, मग शंभर-शंभर नावांचे दहा, शेवटच्यात फलश्रुती. नाव कुठे सुरू होतं आणि किती अक्षरांचं आहे, हे संकेताक्षरांत बांधलेले परिभाषाश्लोक टीकेत दिलेले आहेत. लेखनिकाने हस्तलिखितात काही गडबड केली तरी त्यावरून ताळा करता येतो. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ही टीका देवनागरीत छापली आणि ती मराठी वाचकाच्या हाताशी आली.

नऊशे अठ्ठ्याण्णवचं कोडं याच टीकेत सुटतं. ‘तत्त्वासना तत्त्वमयी पञ्चकोशान्तरस्थिता’ ही ओळ पाहा. सरळ वाचलं तर ‘तत्त्वमयी’ हे एक नाव. भास्करराय ते तीन करतात: तत्, त्वम्, अयी. ४२५, ४२६ आणि ४२७ ही ती तीन नावं. तत् आणि त्वम् म्हणजे उपनिषदातल्या ‘तत्त्वमसि’मधली पदं, आणि अयी म्हणजे आईला मारलेली हाक. अर्चनात त्यांची रूपं होतात ‘तस्मै नमः’, ‘तुभ्यं नमः’, ‘अय्यै नमः’. ज्या पुस्तिकेत ‘तत्त्वमय्यै नमः’ छापलंय तिथे दोन नावं कमी पडणारच. पुस्तिका विकत घेताना आधी हे पान उघडून पाहावं. ‘तुभ्यं नमः’ दिसलं, तर पुस्तिका भास्कररायांच्या पाठाची आहे.

दुसरी जागा ५३७ची. ‘स्वाहा स्वधाऽमतिर्मेधा’ यात मति की अमति? संधीमुळे दोन्ही शक्य. भास्करराय अमति घेतात. मेधा, श्रुती, स्मृती जशी तिची रूपं तसं न कळणंही तिचंच रूप. संख्येत फरक पडत नाही, अर्थामध्ये मात्र मोठा पडतो.

चतुर्थी विभक्तीच्या रूपांतही चुका ठरलेल्या. पहिलंच नाव श्रीमाता. त्याचं ‘श्रीमात्रे नमः’ होतं. ‘श्रीमातायै’ हे अशुद्ध, कारण मूळ शब्द ‘मातृ’ आहे. तिसरी अडचण लांब नावांची. ‘भण्डासुरवधोद्युक्तशक्तिसेनासमन्विता’ हे सोळा अक्षरी एकच नाव, पण अनुष्टुभाच्या सवयीने आपण आठ अक्षरांनंतर श्वास घेतो. समूहात हा श्वास मोठा झाला की काहींच्या हातून तिथेच एक चिमूट सुटते आणि शेवटी पुन्हा एक. अशा नावांवर पेन्सिलीने आडवी कंसरेघ मारून ठेवावी. २३७वं ‘महाचतुःषष्टिकोटियोगिनीगणसेविता’ हेही तसंच. काशीच्या पंडितांनी भास्कररायांची परीक्षा पाहायला याच नावावरून चौसष्ट कोटी योगिनींची नावं विचारली, ते सांगत सुटले, आणि कुंकुमानंद स्वामींना देवी त्यांच्या खांद्याशी बसून बोलताना दिसली, अशी आख्यायिका आहे.

कुंकुमार्चनाची कृती सोपी आहे, पण दोन ठिकाणी हमखास बिघडते. ताम्हणात देवीचा टाक, मूर्ती किंवा श्रीयंत्र ठेवायचं. संकल्प, न्यास, ‘सिन्दूरारुणविग्रहां’ हे ध्यान, मग नामावली. कुंकू अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांच्या चिमटीत धरायचं, तर्जनी लावायची नाही. मूर्तीवर वाहायचं ते पायांपासून वर डोक्यापर्यंत. हजार नावांना लहान चिमटीने पाव किलो कुंकू पुरतं. चिमूट सैल असेल तर नावांच्या पाचव्या शंभरीच्या आसपास वाटी रिकामी होते, म्हणून दुप्पट आणून ठेवावं. एका नावाला तीन सेकंद धरले तरी पन्नास मिनिटं लागतात. दर शंभर नावांना बाजूच्या वाटीत एक सुपारी टाकली की दहा सुपाऱ्यांत हिशेब पुरा.

पहिला बिघाड ओलाव्याचा. अर्चनाआधी अभिषेक होतो आणि मूर्ती वरवर पुसली जाते. कोरीव खाचांत पाणी राहतं, तिसऱ्या-चौथ्या शंभरीपर्यंत कुंकवाचा चिखल होतो आणि नंतरची चिमूट त्यावरून घसरते. मूर्ती सुती कापडाने पुसून दहा मिनिटं वाऱ्याला ठेवावी. दुसरा बिघाड कुंकवाचा. पारंपरिक कुंकू हळदीवर टाकणखार, तुरटी आणि लिंबाच्या रसाची प्रक्रिया करून, वाळवून दळलेलं असतं. पंढरपूरचं कुंकू त्यासाठीच नावाजलेलं. स्वस्त कुंकवात पिठूळ भर आणि कृत्रिम रंग असतो. तासभर ते हाताळल्यावर बोटांना खाज सुटते, रंग दोन दिवस जात नाही. आणि कुंकू कुठलंही असलं तरी ते तांब्याच्या यंत्रावर रात्रभर राहू देऊ नये. आंबटपणा आणि दमटपणा मिळून तांबं काळं-हिरवं पडतं, रेषा बुजतात.

यंत्र घेतानाही नजर हवी. श्रीचक्रात खाली टोक असलेले पाच आणि वर टोक असलेले चार असे नऊ त्रिकोण एकमेकांत गुंफलेले असतात, त्यांतून ४३ लहान त्रिकोण तयार होतात. भोवती आठ पाकळ्या, सोळा पाकळ्या आणि चार दारांचा भूपुर, म्हणजे बाहेरची चौकोनी चौकट. दोन रेषा छेदतात तो संधी, तीन मिळतात ते मर्म. ठोकून काढलेल्या पातळ पत्र्यांवर मर्माच्या तीन रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, तिथे एक नसता बारीक त्रिकोण उगवतो. ४३ मोजून पाहिले की लगेच कळतं. मांडताना मधल्या त्रिकोणाचं टोक आपल्याकडे. या चक्राचं शास्त्र भास्कररायांनी ‘सेतुबंध’ (१७३३) या नित्याषोडशिकार्णव नावाच्या तंत्रग्रंथावरच्या टीकेत उलगडलं आहे, आणि ‘वरिवस्यारहस्या’त पंधरा अक्षरांच्या मंत्राचे पंधरा अर्थ लावले आहेत. तो मंत्र मात्र गुरूकडूनच घ्यायचा असतो, पुस्तकातून उचलू नये. ज्याच्याकडे यंत्रही नाही आणि वेळही नाही त्याच्यासाठी त्यांनी भावनोपनिषदावर भाष्य लिहिलं. आपलं शरीर हेच श्रीचक्र, ही त्यातली बैठक.

नवचंडीच्या होमात सप्तशतीचे ७०० मंत्र कसे भरतात, हाही याच जातीचा प्रश्न. मोजले तर श्लोक सातशे नाहीत. प्रचलित विभागणीत पूर्ण श्लोक ५३५, अर्धश्लोक ४२, अवदानं (श्लोकाचे पाडलेले तुकडे) ६६ आणि ‘ऋषिरुवाच’सारखी उवाच-वाक्यं ५७, अशी बेरीज सातशे होते. ‘उवाच’ला आहुती टाकायचं विसरलं की आकडा चुकतो. भास्कररायांची ‘गुप्तवती’ टीका या विभागणीचा बारकाईने विचार करते. गणेशसहस्रनामावरच्या टीकेला त्यांनी ‘खद्योत’ नाव दिलं. त्याचा अर्थ आकाशात चमकणारा सूर्य, आणि काजवाही. स्वतःचं नाव भास्कर असलेल्या पंडिताने हा शब्द निवडावा, यात त्यांची नम्रता दिसते.

दसऱ्यानंतर तुळजाभवानी पौर्णिमेपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते आणि कोजागिरीला सोलापूरचा तुळजापूर रस्ता रात्रभर चालणाऱ्यांनी भरतो. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. ललितासहस्रनामाच्या फलश्रुतीतही पौर्णिमेचा विधी सांगितला आहे: चंद्रबिंबात ललितांबिकेचं ध्यान करायचं, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य असे पंचोपचार करायचे आणि मग सहस्रनाम म्हणायचं. ज्यांना चालत जाणं जमत नाही त्यांना घरच्या गच्चीवर हे करता येतं. नुसत्या स्तोत्रपाठाला अर्धा तास लागतो. बारा वाजता दूध ओतायचं असेल तर सव्वाअकराला ध्यानाला बसावं, साडेअकराला पाठ सुरू करावा.